पगाराविना सेवेत उतरताना: आधी काय, मग काय

पूर्ण वेळ ख्रिस्ती सेवेसाठी नोकरी सोडणारे सुवार्तिक (येशूचा संदेश सांगत फिरणारे) आणि तरुण पाळक (मंडळीचे, म्हणजे स्थानिक ख्रिस्ती समुदायाचे, धर्मगुरू) बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतात. आधी राजीनामा दिला जातो, मग घरखर्चाचा विचार सुरू होतो, आणि तोवर किराणा दुकानाची उधारी, शाळेची थकलेली फी आणि पतपेढीचा हप्ता दारात येऊन उभे राहिलेले असतात. अशा वेळी केलेली प्रार्थना खरी असली तरी तिच्यात भीतीचा वाटा मोठा असतो, आणि त्या भीतीतूनच उसनवारी, आडून मागणे, देणगीदाराचा चेहरा पाहून उपदेश बेतणे या चुका एकामागून एक होत जातात. उद्याची चिंता करू नका, असे प्रभू येशूने बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले; बुरूज बांधू पाहणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, हा दृष्टांतही लूकच्या चौदाव्या अध्यायात त्यानेच दिला. दोन्ही वचने एकाच आयुष्यात पाळता येतात. मात्र त्यासाठी कामांचा क्रम नीट लावावा लागतो.

खालचा क्रम ठरावीक पगार न घेता महाराष्ट्रातल्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी सेवा करू पाहणाऱ्या कुटुंबासाठी आहे. पगारी पाळकांना पाचव्या टप्प्यापासून पुढचा भाग उपयोगी पडेल.

टप्पा १: आधी देणी फेडा

घरातल्या सगळ्या देण्यांची एकच यादी करा. तिच्यात बँक, पतपेढी, सोनेतारण, पत्नीच्या नावावर बचत गटातून घेतलेली रक्कम, किराण्याची उधारी आणि भावाबहिणींकडून घेतलेले हातउसने हे सगळे आले पाहिजे. यादीतून हमखास सुटते ती जामीनकी. तुम्ही कोणाच्या कर्जाला जामीन असाल, तर त्याचा हप्ता थकल्यावर नोटीस तुमच्या घरी येणार आहे, म्हणून ती रक्कमही वेगळ्या रकान्यात लिहा.

ही यादी शून्यावर येईपर्यंत, किंवा घराच्या कर्जासारख्या मोठ्या देण्याची पक्की तजवीज होईपर्यंत, राजीनामा देऊ नका. तोवर शनिवार-रविवारची सेवा चालू ठेवता येते आणि ती कमी प्रतीची नसते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथे अनाथगृहे चालवणारे जॉर्ज म्युलर पुरवठ्यासाठी केवळ देवाकडे मागण्याबद्दल ओळखले जातात, आणि तेच उसनवारीच्या बाबतीत अतिशय कडक होते. हातात पैसे नसताना खरेदी करायची नाही, हा नियम त्यांच्या विश्वासाचाच भाग होता. आपल्याकडे त्यांच्या प्रार्थनांची उदाहरणे भरपूर दिली जातात. हा नियम मात्र फारसा सांगितला जात नाही.

*इशारा:* प्रार्थनागृहाच्या बांधकामासाठी "विश्वासाने" काढलेले कर्ज बहुधा पाळकाच्या किंवा त्याच्या पत्नीच्या नावावर असते, आणि मंडळी पांगली तरी ते त्यांच्याच नावावर राहते.

टप्पा २: घरच्यांचा होकार वेगवेगळा घ्या

पती-पत्नींनी एकत्र गुडघे टेकून प्रार्थना केली म्हणजे दोघांचा होकार झाला, असे गृहीत धरले जाते. तसे धरू नये. ज्याला पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचे बोलावणे, जाणवले आहे त्याने दुसऱ्याला पूर्ण हिशेब दाखवावा, विचार करायला काही आठवडे द्यावेत, आणि "नाही" किंवा "अजून नाही" हे उत्तरही देवाकडून आलेले असू शकते हे मनापासून मान्य करावे. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या औषधपाण्याचे काय, हे त्यांच्यासमोर बसून ठरवावे. घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात किती कठोर शब्द वापरले आहेत, ते पुन्हा वाचावे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात "देवाचा दरबार" सुरू केला. हातात आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन टाकणाऱ्या माणसाच्या घरात चूल कोणाला सांभाळावी लागते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी "स्मृतिचित्रे"मध्ये मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. सेवेत उतरणाऱ्या जोडप्याने ती पाने एकत्र वाचावीत. मग एक रक्कम ठरवावी, समजा ५०० रुपये. तिच्यापेक्षा जास्त दान किंवा मदत दोघांच्या संमतीशिवाय घरातून बाहेर जाणार नाही. या नियमाने उदारपणा कमी होत नाही, कारण देणारे हात दोन ऐवजी चार होतात.

टप्पा ३: वर्षाचा खर्च कागदावर मांडा

महिन्याचा खर्च सगळेच मांडतात. घोटाळा होतो तो वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांत. जूनमधली फी, गणवेश आणि वह्या, पावसाळ्यापूर्वी पत्र्याची किंवा कौलांची दुरुस्ती, दुचाकीचा विमा आणि टायर, नाताळ, नात्यातल्या लग्नांचे आहेर, चष्मा, दाताचा डॉक्टर, गावी जाण्यायेण्याचे भाडे यांची बेरीज करून तिला बाराने भागा आणि आलेला आकडा महिन्याच्या खर्चात मिळवा. दरमहा १४,००० रुपयांत घर चालते असे समजणाऱ्या कुटुंबाचे असे खर्च वर्षाला ४२,००० रुपये असतील, तर त्यांचा खरा मासिक खर्च १७,५०० रुपये आहे. या साडेतीन हजारांच्या फरकातूनच दर जूनमध्ये उसनवारी सुरू होते.

सेवेचा खर्च या कागदावर आणूच नका. पेट्रोल, पुस्तिका, सभेचा चहा, भाड्याचा स्पीकर यांचा कागद वेगळा हवा. दोन्ही एकत्र झाले की घरात कमी पडले तर सेवेच्या पैशांतून भरले जाते, सेवेत कमी पडले तर मुलांच्या फीतून, आणि शेवटी कोणत्याच प्रश्नाला खरे उत्तर देता येत नाही.

आजारपण आणि अपघात यांची तजवीज याच टप्प्यात करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी बहुधा शिधापत्रिका लागते, म्हणून तिच्यावरची नावे आणि आधारवरची नावे जुळतात का ते पाहा. बाप्तिस्म्यानंतर नाव बदललेल्या अनेकांची कागदपत्रे येथेच अडतात. बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांत मिळणारा जीवनज्योती विमा, दोन्ही प्रत्येकी २ लाख रुपयांचे, न घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही. विमा उतरवणे म्हणजे अविश्वास, असे शिकवणारे लोक आहेत. पण त्यांच्या पश्चात त्यांच्या विधवांना मंडळीपुढे झोळी पसरावी लागते, आणि त्या वेळी ही शिकवण कोणाच्याच कामाची नसते.

*तपासा:* कागद पत्नीने किंवा पतीने, म्हणजे ज्याने तो लिहिला नाही त्याने, ओळीओळीने वाचला आहे का?

टप्पा ४: नोकरीत असतानाच त्या खर्चात राहून पाहा

राजीनाम्यापूर्वी निदान सहा महिने ठरवलेल्या रकमेतच घर चालवा, आणि त्या सहा महिन्यांत जून येईल असे पाहा. उरलेला पगार आधी देण्यांकडे आणि मग राखीव रकमेकडे वळवा. कागदावर सोपी वाटणारी काटकसर कुठे टोचते ते या काळातच कळते: कोणाला रोजचे दूध कमी केलेले चालत नाही, कोणाला फोनचा रिचार्ज, कोणाला आईकडे जाणे. जे टोचते ते दुरुस्त करून कागद पुन्हा लिहा.

राखीव रक्कम ठेवावी की नाही, यावर प्रामाणिक माणसांचेही मतभेद आहेत. निर्गमच्या सोळाव्या अध्यायात उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात, म्हणजे अरण्यात देवाने रोज दिलेल्या अन्नात, किडे पडले, आणि त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायची आज्ञा होती व ते नासले नाही. म्हणजे कधी साठवायचे आणि कधी नाही, हे सांगणारा देवच आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणाऱ्या मदतीला दहा वर्षांची मुदत होती. रमाबाईंनी ती संपण्याची वाट न पाहता केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. देवावर विसंबणाऱ्या त्या बाईंनी विहीर खोदण्यात कमीपणा मानला नाही. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा, त्याहून जास्त साठू लागले तर ते गरजूंकडे जाऊ द्यावे, असे माझे मत आहे.

टप्पा ५: गरज कोणाला सांगायची, ते आधीच ठरवा

येथे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. म्युलर यांनी १८३० साली ठरावीक पगार नाकारला आणि पुढे आपली निकड माणसांना न सांगता केवळ देवाला सांगण्याचा नेम ठेवला. पौलाने मात्र रोमकरांना उघडपणे कळवले की स्पेनला जाताना तुम्ही मला पुढे पोचवाल अशी आशा आहे. ज्याला जो मार्ग दाखवला गेला त्याने तो धरावा. पण एक धरल्याचे सांगून दुसरा चोरून वापरू नये.

चोरून मागणे कसे असते, ते जवळून पाहू. मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर पाळक लिहितात: "प्रभूची स्तुती असो. आज सकाळी गॅस संपला, घरात काही नाही, पण आमचा देव जिवंत आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा." वाचणाऱ्या वीस जणांपैकी चार जणांना अपराधी वाटते आणि ते पैसे पाठवतात. दुसऱ्या रविवारी त्याच पैशांची "मी कोणाला काही बोललो नव्हतो" अशी साक्ष दिली जाते, म्हणजे देवाने ते पुरवले असे मंडळीपुढे सांगितले जाते. ही साक्ष खोटी आहे, आणि त्या चौघांना ते माहीत असते. याऐवजी मागायचेच असेल तर सरळ लिहावे: "जूनमध्ये मुलांच्या फीसाठी ९,००० रुपये लागणार आहेत, ज्यांना शक्य आहे आणि मनात येईल त्यांनी मदत करावी, कोणीही संकोच बाळगू नये." हे मागणे स्वच्छ आहे, कारण नकार द्यायला त्यात जागा आहे.

*इशारा:* साक्ष देताना रक्कम मिळाली त्यापूर्वी ती गरज कोणकोणाला ठाऊक होती, हे स्वतःला विचारा. उत्तर अवघड जात असेल, तर ती साक्ष देऊ नका.

टप्पा ६: पैशाच्या वाटा वेगळ्या करा

सगळ्यात जास्त गोंधळ याच टप्प्यावर होतो, आणि तो बहुधा लबाडीतून नव्हे, आळसातून होतो. प्रार्थनागृहाच्या भिंतीवर पाळकांच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. अर्पण, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग), कापणीच्या सणाचा लिलाव आणि मावशींनी मुलांसाठी दिलेला खाऊचा पैसा, सगळे एकाच खात्यात जाते. वर्षाअखेरीस त्यातले कोणते कशाचे, हे देवदूतालाही सांगता येणार नाही. तो कोड आजच काढा.

मंडळीसाठी नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर तिच्याच नावाचे खाते वापरा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी झाली की दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करणे, लेखापरीक्षण करून घेणे, विश्वस्त बदलले तर धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज ९० दिवसांत देणे आणि त्यांच्या परवानगीशिवाय संस्थेची जमीन न विकणे ही बंधने येतात. पुढच्या पिढीतले मालमत्तेचे दावे पाहिले, तर थकलेला बदल अर्ज हे किती महाग पडणारे दुर्लक्ष आहे ते कळते.

रविवारचे अर्पण मोजण्याची रीत अशी ठेवा. उपासना संपल्यावर त्याच जागी, उघड्या टेबलावर, एकमेकांचे नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींनी ते मोजावे. ५००च्या किती, १००च्या किती, नाणी किती अशी फोड चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. एक प्रत खजिनदाराकडे आणि एक वहीत डकवावी. रक्कम बँक उघडताच भरावी. पाळकाने मोजणीत बसू नये आणि पिशवी घरी नेऊ नये. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम एकट्याने न नेता मंडळ्यांनी निवडलेल्या माणसांना बरोबर घेतले, आणि माणसांच्या नजरेतही व्यवहार चोख दिसावा असे त्याचे कारण करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात दिले.

हस्तांदोलन करताना तळहातात दाबलेले पाकीट ही वेगळी गोष्ट आहे. ते घेताना तिथेच विचारावे: "मावशी, हे घरासाठी की मंडळीच्या कामासाठी?" बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात. उत्तर मिळाल्यावर त्याच संध्याकाळी योग्य वहीत नोंद करावी. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात व्यक्तिगत मिळालेल्या भेटींची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली की ती संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते, हे पुष्कळ सेवकांच्या गावीही नसते. म्हणून वर्षातून एकदा सनदी लेखापालाकडे जाऊन वही दाखवावी.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत विशेष जपावे. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना परदेशी व्यक्तीकडून वा संस्थेकडून सेवाकार्यासाठी पैसे घेता येत नाहीत, मग ते किती का थोडे असेनात. नोंदणी असलेल्या संस्थेलाही २०२० च्या दुरुस्तीनंतर हे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात आणि ते दुसऱ्या संस्थेला वाटून देता येत नाहीत. आखाती देशात नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मंडळीचा सभासद स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत अर्पण पाठवतो, तेव्हा ते विदेशी अंशदान ठरत नाही. पण त्याच मंडळीतून गेलेल्या आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाचे अर्पण ठरते. "आपलाच माणूस आहे" या समजुतीवर खाते क्रमांक देऊ नका. आधी पासपोर्ट कोणत्या देशाचा ते विचारा.

*तपासा:* उद्या तुम्ही आजारी पडलात, तर खजिनदाराला केवळ वह्या पाहून मार्चपर्यंतचा हिशेब पुरा करता येईल का?

टप्पा ७: पैसे आल्यावर आणि न आल्यावर

रक्कम आली की क्रम असा: आधी नोंद, मग तुमचा स्वतःचा दशांश किंवा ठरवलेले दान, मग भाडे आणि वीज, मग धान्य, मग वार्षिक खर्चाचा बारावा भाग, आणि उरले तर राखीव. देणाऱ्याला दोन दिवसांत पावती किंवा साधे पत्र जावे. त्यात रक्कम आणि ती कशासाठी लागली एवढे असले तरी पुरते. स्तुतीची आणि आशीर्वादांची लांब पाने देणाऱ्यालाही अवघडून टाकतात.

रक्कम आली नाही, तर पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना, मुलांनाही समजेल अशा शब्दांत, स्थिती सांगून एकत्र प्रार्थना करा. मुलांना अंधारात ठेवले की ती आईवडिलांच्या चेहऱ्यावरून वाईटातले वाईट ताडतात. दुसऱ्या आठवड्यात कागदावरचा टाळता येणारा खर्च थांबवा. राखीव रकमेला हात लावायचा असेल तर दोघांनी मिळून ठरवा. दुकानदाराकडे वही सुरू करू नका. सलग तीन महिने हीच अवस्था राहिली, तर पंचकमिटीतल्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतल्या) किंवा तुम्हाला ओळखणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना सगळे आकडे दाखवा. ते पाहून कदाचित ते मदत करतील, कदाचित चूक दाखवतील. दोन्हींचा उपयोग आहे.

टप्पा ८: साधेपणा कोणाच्या खर्चाने, ते पाहा

साधे राहणे म्हणजे फाटके राहणे, असा समज करून घेऊ नये. पाळकांची दुचाकी जुनी असावी, पण ब्रेक लागणारे असावेत. घरात फर्निचर थोडे असावे, पण दूरच्या वस्तीवरून आलेल्या माणसाला एक रात्र टेकायला चटई, पांघरूण आणि दोन घास असावेत. सेवा करता त्या वस्तीतली चार मध्यम घरे डोळ्यांपुढे आणा आणि त्यांच्यासारखे राहा. त्यांच्याहून वरचे राहणीमान अंतर पाडते, आणि मुद्दाम खालचे ठेवले तर त्यांनाच तुमची काळजी वाहावी लागते.

पाहुणचाराची चूक विशेष सांगायला हवी. गृहसभेला गेलेल्या पाळकासाठी मजुरी करणारी बाई कोंबडी कापते, आणि पाळक "त्यांचा आशीर्वाद हिरावू नये" म्हणून दर आठवड्याला जेवतात. त्या घराचा आठवड्याचा बाजार तेवढ्यात संपतो. आधीच सांगून ठेवावे की आम्ही चहा आणि घरात असेल ती भाजीभाकरी घेऊ, आणि ते खरोखर पाळावे. हे न पाळणारा सेवक दुसऱ्यांच्या खर्चाने साधा राहत असतो.

मुलांच्या बाबतीत एकच नियम पुरेसा आहे. पाचारण तुम्हाला झाले आहे. शिक्षण, औषध आणि चांगली चप्पल यांच्यावर काट मारून ते त्यांच्यावर लादू नका.

टप्पा ९: कोणत्या देणगीला नाही म्हणायचे

निवडणुकीच्या तोंडावर सभेत सत्काराची अट घालून आलेली, उपदेशाचा विषय ठरवू पाहणारी, पावती नको म्हणणारी, किंवा घरच्यांपासून लपवून दिलेली रक्कम परत करावी. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या नामान सेनापतीने भेटी देऊ केल्या तेव्हा संदेष्टा अलीशाने नाही म्हटले. अलीशाचा नोकर गेहजी याने मागे धावत जाऊन त्या घेतल्या आणि काय झाले, ते दुसऱ्या राजे पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. नकार देताना कारण थोडक्यात आणि आदराने सांगावे, आणि त्या माणसाचे नाव उपदेशात कधी येऊ देऊ नये.

हाच नियम देताना उलट बाजूनेही लागू होतो. धान्य, फी किंवा औषध देताना प्रार्थनेला येण्याची, बाप्तिस्म्याची कसलीही अट, बोलून किंवा न बोलता, घालू नका. कोणाला काय दिले याची नोंद वहीत ठेवा, पण त्याचे फोटो पाठवून पैसे गोळा करू नका.

टप्पा १०: वर्षातून एकदा थांबून पाहा

एप्रिलमध्ये, हिशेब बंद झाल्यावर, दोघांनी एक दिवस उपास-प्रार्थनेत काढून चार कागद पुढे घ्या: घराचा, सेवेचा, देण्यांचा आणि दानाचा. म्युलर आपला जमाखर्च दरवर्षी छापील अहवालात देत असत. तुम्हीही एक पानाचा आढावा मंडळीला आणि मदत करणाऱ्यांना द्या. त्यात कमी पडलेलेही लिहा.

देणी पुन्हा उगवली असतील, जोडीदार खचला असेल किंवा मुलांचे शिक्षण मागे पडले असेल, तर काही काळ अर्धवेळ काम धरण्याचा विचार याच दिवशी करावा. करिंथमध्ये पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवत होता. सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर तो पूर्ण वेळ वचनाच्या सेवेत गुंतला, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. शिकवणी, शिलाई, शेळीपालन, संगणकावरचे टायपिंग यांपैकी जे जमेल ते, आठवड्याचे दिवस आणि तास ठरवून, मंडळीला सांगून करावे. कामाचे पैसे घराच्या वहीत लिहावेत आणि पुढच्या एप्रिलपर्यंत तोच विषय रोज उगाळू नये.